डब्याचं दूध: पाणी, माप आणि उष्टं दूध

बाळाला डब्याचं दूध द्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो तो कंपनीचा. कुठला डबा आणायचा? शेजारच्या काकू एक नाव सांगतात, मेडिकलवाला दुसरं, अमेरिकेतली वहिनी तिसरंच. खरं तर इथे फारसं काही अडलेलं नसतं. तान्ह्या बाळाची पावडर भारतात विकायची तर तिला ठरावीक मानकं पाळावीच लागतात, आणि निरोगी बाळाच्या दृष्टीने डब्याडब्यांतला फरक किमतीतल्या फरकाएवढा मोठा नसतो. वरच्या दुधावरचं बाळ आजारी पडतं ते बहुधा पाण्यामुळे, चुकलेल्या मापामुळे, नीट न धुतलेल्या बाटलीमुळे किंवा तासन्‌तास ठेवलेल्या उष्ट्या दुधामुळे. म्हणून या लेखात डब्याबद्दल थोडं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याबद्दल जास्त आहे.

डबा उघडण्याआधी

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा डॉक्टरांचा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. तो बरोबर आहे आणि मी तो पुन्हा उगाळत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. पुष्कळ घरांत डबा येतो तो बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, "दूधच येत नाहीये" या वाक्यावर. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तोही चमच्या-चमच्याने, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियन झालं असेल तर कधी थोडं उशिरा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, तेही नेहमीचंच. ते किती घटलं म्हणजे काळजी करायची हे डॉक्टर ठरवतील, भेटायला आलेले पाहुणे नव्हे.

वरचं दूध खरोखर लागतं अशीही घरं असतात. आईला कॅन्सरवरचे उपचार चालू असतात, जुळी-तिळी असतात, बाळ दत्तक घेतलेलं असतं, आई बाळंतपणात गेलेली असते, किंवा सगळे प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. काही आया नोकरीवर परततात आणि तिथे दूध काढून ठेवायची सोयच नसते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल आणि अजून रुग्णालयातच असेल, तर तिथे मानवी दुधाची पेढी आहे का ते जरूर विचारा. आशियातली पहिली अशी पेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि आता देशभरात अनेक ठिकाणी अशा पेढ्या आहेत.

अंगावरचं दूध थोडं तरी येत असेल तर ते सोडू नका. आधी अंगावर पाजा, मग उरलेली भूक वरच्या दुधाने भागवा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाटली वाढली की अंगावरचं दूध आपोआप आटतं, आणि मग "बघ, पुरतच नव्हतं" असं म्हणायला सगळे मोकळे. वरचं दूध द्यायचं पक्कं ठरलं असेल, तर मात्र अपराधी वाटून घेऊ नका. त्या वाटण्याचा बाळाला काही उपयोग नाही. उकळलेल्या पाण्याचा आहे.

डबा कुठला

डब्यावर 'फेज 1' किंवा नुसता 1 आकडा पाहा. तो जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचा. 2 नंबरचा सहा महिन्यांनंतरचा. आयएसआय चिन्ह, एफएसएसएआयचा (म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि वापरायची शेवटची तारीख तपासा. डबा फुगलेला, पोचा पडलेला किंवा पाकीट भोक पडलेलं असेल तर परत करा.

एखाद्या दुकानात "दोन डब्यांवर एक बाटली फुकट" असं ऐकू आलं तर ते बेकायदा आहे. 1992 च्या कायद्याने आणि त्यातल्या 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटी, सवलती, सगळं बंद आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही ते त्यामुळेच. सोया, लॅक्टोज-फ्री, "पोटदुखीसाठी खास" असे डबे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. संध्याकाळी तासभर रडणारं प्रत्येक बाळ अ‍ॅलर्जीचं नसतं.

गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून चालत नाही. पाणी घालून पातळ केलं तरी नाही. त्यात प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत इतके जास्त असतात, लोह मात्र नावालाच. पाणी घातल्यावर क्षार कमी होतात खरे, पण त्याबरोबर कॅलरीही कमी होतात.

परदेशातून डबे येत असतील तर एक खबरदारी. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत 30 मिली पाण्याला एक चमचा असं माप असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच डब्यांचा चमचा मोठा, 60 मिली पाण्याला एक. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात गेला की दूध दुप्पट घट्ट किंवा निम्मं पातळ होतं. डबा संपला की त्याचा चमचा त्याच्याबरोबर टाकून द्यायचा, "चांगला आहे" म्हणून जपून ठेवायचा नाही.

खर्चाचा अंदाज आधीच बांधून ठेवा. 4 किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 600 मिली दूध लागतं. आपल्याकडचा चमचा सुमारे साडेचार ग्रॅमचा धरला तर रोजची 80 ग्रॅमच्या आसपास पावडर झाली. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा पाचेक दिवसांत संपतो. महिन्याला सहा डबे. हे गणित मुद्दाम मांडतेय, कारण महिनाअखेरीला डबा पुरवायचा म्हणून एक चमचा कमी घालायचा मोह होतो आणि तो बाळाला महागात पडतो. इतका खर्च झेपणार नसेल तर महाग डब्याऐवजी स्वस्त डबा घ्या, पण माप पूर्ण ठेवा.

बाटली की वाटी-चमचा

आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा वाटी-चमच्याकडे झुकतात, आणि मलाही ते पटतं. वाटीला कोपरे नसतात, आटे नसतात, निपल नसतं. उकळली की झालं. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असतं, त्याच्या चोचीतूनही नीट पाजता येतं, फक्त ती चोच आतून स्वच्छ होते का ते बघा. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि बाळाला स्वतः चाटू-ओढू द्यायचं. घशात ओतायचं नाही. अंगावरही पिणाऱ्या बाळासाठी तर हेच बरं. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर घ्यायला कुरकुरतात.

पण रात्री तीन वाजता, एकट्या बाईला, जुळ्यांना वाटी-चमच्याने पाजणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. म्हणून बाटली वापरणार असाल तर रुंद तोंडाची, साधी, आत वेडीवाकडी नळी नसलेली घ्या. बीपीए-मुक्त (बीपीए हे काही प्लास्टिकमधलं रसायन) आणि आयएसआय चिन्हाची. काचेची किंवा स्टीलची सर्वांत उत्तम. 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाणी घालून हलवलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या संख्येने सुटतात. त्यांचा बाळावर काय परिणाम होतो हे अजून ठरलेलं नाही, पण गरम दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवून निवल्यावर बाटलीत ओतणं काही अवघड नाही.

निपल सुरुवातीला सगळ्यांत सावकाश दूध येणारं घ्या. बाटली उलटी धरली की थेंब-थेंब पडले पाहिजेत, धार लागता कामा नये. बाळ दमतं म्हणून सुई तापवून भोक मोठं करायची पद्धत अजूनही दिसते. तसं करू नका. दूध एकदम तोंडात येतं, बाळाला ठसका लागतो, आणि पोट भरल्याचं त्याला कळायच्या आत बाटली संपते.

धुणं आणि उकळणं

पिऊन झालेल्या बाटलीच्या झाकणाची रिंग काढा आणि उजेडात धरून तिच्या आतल्या आट्यांकडे पाहा. वरवर विसळलेल्या बाटलीत तिथे पिवळसर, साईसारखी एक रेघ दिसेल. नखाने खरवडून वास घ्या, आंबूस येईल. बाळाच्या जुलाबाचं मूळ अनेकदा या रेघेत असतं. ती असताना बाटली कितीही वेळ उकळा, दुधाचा थर शिजून आणखी घट्ट बसतो. म्हणून आधी घासणं, मग उकळणं.

बाळाचं पिणं झालं की लगेच बाटली, निपल, रिंग, झाकण सगळं सुटं करून पाण्याखाली धरा. वाळू देऊ नका. मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन बाटलीच्या ब्रशने आतून घासा. हा ब्रश फक्त बाटलीचाच, कांदा-लसणाच्या पातेल्यात गेलेला नको. निपल उलटं करून आतून घासा आणि त्याच्या भोकातून पाणी पिळून काढा. साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत विसळा.

उकळायला एक मोठं पातेलं वेगळं ठेवा. सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडले पाहिजेत, बाटलीत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. पाण्याला खळखळून उकळी फुटली की तिथून 10 मिनिटं मोजायची. भांडं गॅसवर ठेवल्यापासून नव्हे. चिमटाही त्यातच उकळा, कारण नंतर त्यानेच सगळं बाहेर काढायचं आहे. गॅस बंद केल्यावर झाकण तसंच ठेवा आणि लागेल तेव्हा काढा, किंवा बाटली पाणी निथळवून, जोडून, झाकण लावून ठेवा. फडक्याने पुसायची नाही. ओट्यावरचं फडकं हे घरातल्या सगळ्यांत अस्वच्छ वस्तूंपैकी एक, त्याने उकळण्यावर पाणी पडतं.

वाफेचं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर काही बिघडत नाही. निपल चिकट झालं, फुगलं, चिरलं की बदला. हे उकळणं निदान पहिले सहा महिने दर वेळी करा. जमलं तर वर्षभर.

दूध बनवणं, पायरी-पायरीने

पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद, महागडी, कुठलीही. क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू कोरड्या पावडरीत टिकून राहू शकतो. फार क्वचित सापडतो, पण तान्ह्या बाळात रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोहोचला तर जिवावर बेततं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी निदान 70 अंश गरम असताना त्यात पावडर घाला, म्हणजे पावडरीतले जंतूही मरतात. काही डब्यांवर कोमट पाण्यात कालवायला सांगितलेलं असतं, विशेषतः त्यात जिवंत प्रोबायोटिक जिवाणू घातलेले असतील तर. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल तर मी 70 अंशांच्या बाजूने आहे. तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

1. ओटा पुसा. हात साबणाने धुवा, नखांच्या बाजूही, 20 सेकंद तरी.

2. पाणी उकळा. आरओचं, फिल्टरचं, बाटलीबंद, कुठलंही असलं तरी उकळायचंच. फिल्टरचं पाणी प्यायला स्वच्छ असतं, निर्जंतुक असेलच असं नाही. बोअरवेलचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी: विदर्भ-मराठवाड्यात काही भागांत त्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असतं, आणि ते उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट तीव्र होतं. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. तिथे आरओचं पाणी घेऊन उकळा.

3. झाकून ठेवा. थर्मामीटर नसेल तर अंदाज असा: लिटरभर उकळलेलं पाणी झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, त्यानंतर ते 70 अंशांखाली जातं. पेलाभरच पाणी उकळलं असेल तर ते काही मिनिटांतच निवतं.

4. आधी पाणी मोजा, मग पावडर. हा क्रम उलटा केला की पाणी कमी पडतं, कारण पावडर जागा घेते. 90 मिली पाण्यात 3 चमचे घातल्यावर दूध 100 मिलीच्या आसपास होतं, ते बरोबरच आहे; वाढलेलं पाहून पाणी कमी करू नका. माप बघताना बाटली ओट्यावर ठेवून डोळे रेघेच्या पातळीला आणा. हातात तिरकी धरलेली बाटली हमखास फसवते.

5. चमचा. सगळी गडबड इथेच होते. चमचा डब्यात घालून मोकळ्या पावडरीने भरायचा, डब्याच्या कडेवर दाबून ठासायचा नाही. शिगोशीग भरलेला चमचा घेऊन डब्यातल्या सपाट पट्टीवर, किंवा कोरड्या स्वच्छ सुरीच्या पाठीने, वरची रास एका झटक्यात सरकवून टाकायची. उरतो तो सपाट चमचा, तेच माप. ठासून भरलेल्या चमच्यात पावडर बरीच जास्त बसते, आणि डोळ्यांना तो तेवढाच दिसतो. करताना मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन. मध्येच फोन वाजला आणि आकडा विसरलात, तर ते दूध ओतून द्या आणि नव्याने करा. अर्धा चमचा नावाचं माप नसतं.

6. झाकण लावून हलवा, किंवा भांड्यात उकळलेल्या चमच्याने ढवळा. गुठळी राहिली तर निपलमध्ये अडकते.

7. वाहत्या नळाखाली किंवा थंड पाण्याच्या भांड्यात बाटली धरून निववा. पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. गरम लागत नाही, गारही लागत नाही, असं हवं. मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका. बाहेरून बाटली कोमट लागते आणि मधलं दूध बाळाची जीभ भाजेल इतकं तापलेलं असतं.

साखर, मध, ग्राइप वॉटर, बिस्किटाचा चुरा, तांदळाची पिठी, काही घालायचं नाही. मधाचं तर विशेष: वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळगुटीतला मधही यात आला.

आणि पातळ-घट्ट. आजी म्हणते, "अगं, थोडं पातळ कर, जड जातं त्याला." आजीचं वाक्य गाईच्या दुधाच्या काळातलं आहे. पावडर आधीच मोजून केलेली असते. रोज पातळ दूध मिळालं तर बाळाचं वजन अडतं, आणि रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. "जरा घट्ट केलं तर रात्रभर झोपेल" हेही तितकंच वाईट. बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, शौचाला घट्ट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणीही पाजायचं नाही, उन्हाळ्यातही नाही. दूध बरोबर मापाचं असेल तर त्यातच पुरेसं पाणी असतं. तहान लागली असं वाटलं तर दूध लवकर द्या.

किती आणि केव्हा

पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे साधारण 60 मिली, मग रोज थोडं वाढवत आठवड्याच्या शेवटी दर किलोला दिवसाला 150 मिली. हा अंदाज आहे, हुकूम नव्हे. 4 किलोच्या बाळाचे दिवसाचे 600 मिली आठ वेळांत विभागले तर एका वेळी 75 होतात. तिथे 60 पाण्यात 2 चमचे केलं की पावडरीसकट सुमारे 67 मिली होतं. बाळ भुकेलं राहिलं तर पुढच्या वेळी 90 चं करा. काही वेळा कमी पिईल, काही वेळा जास्त. दिवसाला लिटरच्या आसपास जाऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

भुकेची खूण म्हणजे रडणं नव्हे. रडणं शेवटी येतं. त्याआधी बाळ डोकं इकडेतिकडे फिरवतं, मूठ तोंडात घालतं, ओठांनी चोखल्यासारखं करतं. त्याच वेळी पाजायला घ्या. रडून बेजार झालेलं बाळ दुधाबरोबर हवाही गिळतं.

पुरतंय की नाही याचे दोन भरवशाचे पुरावे आहेत. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट, आणि वजन. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली. अंगणवाडीत किंवा लसीच्या दिवशी वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. घरातला अंदाज, "भरलाय बघा गाल", हा पुरावा धरू नका.

व्हिटॅमिन डीचे 400 युनिटचे थेंब डॉक्टर रोज द्यायला सांगतात. डब्याच्या दुधावर आहे म्हणून ते बंद करू नका, विचारून ठरवा.

पाजताना

बाळाला कुशीत, डोकं उंच, जवळजवळ अर्धवट बसतं धरा. आडवं झोपवून पाजलं तर दूध कानाच्या नळीत शिरून कान दुखायला लागतो. निपल वरच्या ओठाला टेकवा आणि बाळाने स्वतः तोंड उघडायची वाट पाहा. बाटली जवळजवळ आडवी धरा, फक्त निपल दुधाने भरलेलं राहील इतकी कलती. दहा-बारा घोटांनी बाटली खाली करा, त्याला श्वास घेऊ द्या. एक पाजणं साधारण 15 ते 20 मिनिटांचं व्हावं. पाच मिनिटांत बाटली रिकामी होत असेल तर निपलचं भोक मोठं आहे.

बाळाने तोंड फिरवलं, मुठी सैल पडल्या की थांबा. "एवढंसंच राहिलंय, संपव" असं करू नका. अंगावर पिणारं बाळ आपलं प्रमाण आपण ठरवतं. बाटलीवरच्या बाळाचं प्रमाण आपण ठरवू पाहतो आणि त्यातूनच जास्त पाजणं होतं. मग छातीवर उभं धरून ढेकर काढा. ढेकर आली नाही तरी दहा-पंधरा मिनिटं उभं धरलं की पुरे, पाठीवर थापा मारत तासभर फिरायची गरज नाही. दुधाची थोडीशी गुळणी बहुतेक बाळं टाकतात.

बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं पिऊ देऊ नका. ठसका लागला तर त्याला ती बाजूला करता येत नाही. पाजणं हे मिठीतलं काम आहे, आणि ते बाबांना, आजोबांना, मावशीला सगळ्यांना करता येतं, हा या दुधाचा खरा फायदा.

उरलेलं, रात्रीचं, प्रवासातलं

बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध उष्टं. त्याची लाळ निपलमधून आत गेलेली असते. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभराने उरलेलं ओतून द्यायचं. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम करून नाही, चहात घालून नाही. हात थबकतो, मान्य आहे; म्हणून थोडं करा आणि लागलं तर पुन्हा करा. उष्टं नसलेलं, बनवून ठेवलेलं दूध बाहेर दोन तासांपर्यंत, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याहून कमीच. फ्रिजमध्ये मागच्या फळीवर 24 तासांपर्यंत चालतं, पण लाइट जाते अशा गावात हा हिशेब धरू नका.

रात्रीसाठी उत्तम सोय अशी: उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, पावडर मोजून कोरड्या, उकळून वाळवलेल्या छोट्या डब्यांत (एका डब्यात एका वेळची), आणि उकळलेल्या बाटल्या झाकून. बाळ उठलं की जागेवरच ताजं दूध. एसटीत, रेल्वेतही हेच. बनवलेलं दूध बाटलीत घेऊन निघायचं नाही.

डबा कोरड्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये नाही, गॅसच्या शेजारी नाही. कोकणात पावसाळ्यात हवेतला ओलावा पावडरीत शिरून तिचे खडे होतात. झाकण घट्ट हवं आणि चमचा कधीही ओला नको. डबा उघडलेली तारीख झाकणावर मार्करने लिहा. बहुतेक डबे उघडल्यावर तीन-चार आठवड्यांतच संपवायचे असतात. नेमकं किती ते डब्यावर छापलेलं असतं.

सांभाळणाऱ्या मावशींना किंवा पाळणाघरात देताना तोंडी सांगून भागत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर चिकटवा: किती पाणी, किती सपाट चमचे, किती वाजता, उरलेलं फेकायचं. पहिल्या दिवशी त्यांना तुमच्यासमोर एकदा करायला लावा.

काय चालेल, काय नाही

डब्याच्या दुधावरच्या बाळाची शी अंगावरच्या बाळापेक्षा घट्ट, पिवळट-तपकिरी, कधी हिरवट असते. मऊ आहे तोवर काळजी नको. गोट्यासारखी घट्ट असेल तर आधी चमच्याचं माप तपासा, औषध नंतर.

दवाखान्यात लगेच न्या जर: तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, उलटी हिरवी किंवा कारंज्यासारखी जोरात झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पाण्यासारखे जुलाब लागले, आठ तास लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल गेली, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं. जुलाबात दूध बंद करायचं नाही, पातळही करायचं नाही. ओआरएस किती आणि कसं हे तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांकडूनच समजून घ्या. गाडीची सोय नसेल तर 108 लावा.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं सुरू होतं आणि दुधाचं प्रमाण हळूहळू उतरतं. याच सुमारास कपातून एखादा घोट द्यायला लागा, आधी पाणी, मग दूध. वर्ष झालं की साधं गाईचं किंवा म्हशीचं दूध चालतं. 3 आणि 4 नंबरचे डबे निरोगी, घरचं जेवणाऱ्या मुलाला लागत नाहीत, ते पैसे भाजी-फळांना द्या. बाटलीही वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान सुटायला हवी. आधी दिवसाची सोडवा, ती सोपी जाते. रात्रीची शेवटी, आणि ती अंथरुणात नको: झोपताना तोंडात दूध राहिलं की पुढचे दात किडतात. झोपण्याआधी कपातून दूध, मग ओल्या फडक्याने दात पुसणं, मग गाणं. दोन-चार रात्री मूल रडेल, तोंड फिरवेल, तेव्हा पुन्हा बाटली पुढे केलीत तर सगळं पहिल्यापासून.